भरतीची गाडी

नाशिकच्या एका ट्रान्सपोर्ट कचेरीत मी मुनिमी केली. आमच्याकडे दोन प्रकारचा माल: सुट्टा आणि भरतीचा. सुट्ट्या मालाच्या गाडीत दहा व्यापाऱ्यांची पोती, ठिकठिकाणी उतरवणी. भरतीची गाडी एकाच व्यापाऱ्याची. लासलगावात कांदा भरला, काट्यावर वजन झाले, ताडपत्री आवळली, बिल्टी म्हणजे मालाची पावती फाडली, की थेट ठिकाणावर. भाडे पूर्ण गाडीचे. थोडे आगाऊ, बाकी पोहोच आल्यावर.

1975 साली नॅशनल परमिटची योजना आली आणि दूरच्या राज्यांत गाड्या पाठवणे सोपे झाले. तरी नाके होतेच. कसारा घाट उतरून मुंबईला जाणारी गाडी मुलुंडच्या जकात नाक्यावर अडकायची. ड्रायव्हर तिथेच स्टोव्हवर डाळ शिजवायचे आणि इकडे व्यापारी मला फोनवर फैलावर घ्यायचा. राज्यातल्या इतर महापालिकांची जकात 2013 पर्यंत गेली. मुंबईची मात्र 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावरच संपली. पुढच्या वर्षी मालासोबत ठेवायचे ऑनलाइन ई-वे बिल आले. त्याच वर्षी दहा चाकी ट्रकची एकूण वजनमर्यादा 25 टनांवरून 28.5 टन झाली.

एक हिशेब मात्र जुनाच राहिला: परतीचे भाडे. जाताना गाडी भरलेली आणि येताना रिकामी, तर डिझेल आणि टोल मालकाच्या खिशातून. म्हणून गाडी निघण्याआधीच आम्ही तिकडच्या दलालाला फोन लावायचो. या धंद्यात नफा परतीच्या मालावर ठरतो.