तुरे खुडायचा कंटाळा आणि १९७० चा करपा

मक्याच्या ताटावर नर आणि मादी एकत्रच नांदतात, पण वेगवेगळ्या मजल्यांवर. शेंड्याचा तुरा हा नर. मध्यावर कणीस आणि त्यातून लोंबणारे रेशमी केस ही मादी. तुऱ्यातले पराग वाऱ्याने केसांवर पडले की दाणा भरतो. म्हणून संकरित बियाणे करण्यासाठी मक्यासारखे सोयीचे पीक नाही. दोन वेगळ्या वाणांच्या ओळी शेजारी लावायच्या आणि मादी ओळीतल्या प्रत्येक ताटाचा तुरा पराग सुटण्याआधी खुडायचा. मग त्या ओळीच्या कणसात येतो तो संकरित दाणा.

अमेरिकेत जॉर्ज शल यांनी १९०८ मध्ये यामागचे शास्त्र मांडले. १९२६ मध्ये हेन्री वॉलेस यांनी आयोवा राज्यात संकरित मक्याची कंपनी काढली. हेच वॉलेस पुढे अमेरिकेचे कृषिमंत्री आणि उपराष्ट्राध्यक्षही झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथला बहुतेक मका संकरित झाला. पण तुरे खुडायला माणसे लागत. दर उन्हाळ्यात शाळकरी मुलांच्या टोळ्या शेतात उतरत. उन्हातले काम, शिवाय मक्याची धारदार पाने हात कापायची. मजुरीचा खर्चही मोठा.

यावर टेक्सासमध्ये तोडगा सापडला. तिथल्या मक्यात असे एक पेशीद्रव्य आढळले, की त्या ताटाचा तुरा वांझ निघे. पराग नाहीत, म्हणजे खुडणेही नाही. हा गुण आईकडूनच पुढच्या पिढीत उतरतो. शेतकऱ्याच्या शेतात मात्र दाणा भरण्यासाठी पराग हवेतच. ते परत आणणारे जनुक बापाच्या वाणातून मिळत असे. व्यवस्था अशी चोख बसली, की १९७० साली अमेरिकेत पेरलेल्या मक्याच्या बियाण्यात सुमारे ८५ टक्के बियाणे या टेक्सास पेशीद्रव्याचे होते. पिशव्यांवर नावे निरनिराळी, कंपन्या निरनिराळ्या, पण आईकडचे कूळ एकच.

धोक्याची सूचना आधीच मिळाली होती. असा मका पानांवरच्या करप्याला सहज बळी पडतो, हे फिलिपीन्समधल्या संशोधकांनी १९६१ मध्ये नोंदवले होते. अमेरिकेत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. तिथे हा करपा किरकोळ रोगांत मोजला जाई.

१९७० मध्ये त्याच बुरशीची एक नवी जात पसरली. फ्लोरिडाकडून ती वाऱ्या-पावसाबरोबर उत्तरेकडे सरकत गेली आणि उन्हाळा सरण्याआधी मक्याच्या मुख्य पट्ट्यात पोहोचली. पाने करपली, कणसे कुजली. दक्षिणेतली काही शेते पूर्ण हातची गेली. १९६९ मध्ये एकरी सरासरी सुमारे ८६ बुशेल असलेला उतारा १९७० मध्ये ७२ वर आला. देशाच्या मक्याच्या पिकातला सुमारे १५ टक्के हिस्सा बुडाला. नुकसान अंदाजे १ अब्ज डॉलरचे होते.

मात्र ज्यांच्या शेतात साध्या पेशीद्रव्याचा संकरित मका होता, त्यांचे पीक बऱ्यापैकी तगले. बियाणे कंपन्यांनी ते जुने वाण बाहेर काढले. हिवाळ्यात हवाई बेटांवर आणि दक्षिण अमेरिकेत बियाणे वाढवले आणि तुरे खुडणाऱ्या टोळ्या पुन्हा शेतात उतरल्या. १९७१ चे हवामानही कोरडे निघाले आणि संकट ओसरले. १९७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अहवाल काढून बजावले, की मोठ्या पिकांमधला हा सारखेपणाच धोक्याचा आहे.

खरा उलगडा झाला तो १९८० च्या दशकात. पेशीतल्या तंतुकणिकांमधले एक प्रथिन तुरा वांझ करत होते आणि बुरशीच्या विषालाही तेच दार उघडून देत होते. म्हणजे सोय आणि दुबळेपणा या दोन गोष्टी नव्हत्याच. एक घेतली, की दुसरी आपोआप घरात येत होती.

आपल्याकडे मका सुधारणेचा अखिल भारतीय प्रकल्प १९५७ मध्ये सुरू झाला आणि १९६१ मध्ये पहिले संकरित वाण आले. महाराष्ट्रात मात्र ‘हायब्रीड’ हा शब्द घरोघरी गेला तो ज्वारीमुळे. पुढे तर खेड्यातली म्हातारी माणसे नव्या पिढीलाच ‘हायब्रीड’ म्हणून हिणवू लागली. अमेरिकेतली ही हकीकत ऐकून कोणी म्हणेल, बघा, जुने तेच सोने! पण त्या साली तगून राहिलेला मकाही संकरितच होता. दोष संकराचा नव्हता. गावोगावी आईकडून एकच बियाणे पेरले गेले, हा दोष होता.

म्हणून पिशवीवर ‘रोगप्रतिकारक’ असे छापलेले दिसले, तर दुकानदाराला विचारावे, कोणत्या रोगाला? पानांवरच्या करप्याला टिकणारा वाण खोडकुजीला टिकेलच असे नाही. आणि आज माहीत असलेल्या रोगाला टिकणारा वाण उद्याच्या नव्या बुरशीपुढे उभा राहीलच, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. जमत असेल तर सगळ्या रानात एकच वाण न पेरता दोन-तीन वाण पेरावेत. शेजारच्या बांधावर काय पेरले आहे, तेही विचारून घ्यावे. कंपन्यांनी आणि सरकारी यंत्रणेने तर या वाणांचे आई-बाप कोण, हे शेतकऱ्याला सांगितलेच पाहिजे. १९७० च्या अमेरिकन शेतकऱ्याला ते ठाऊक नव्हते. त्याने दुकानातून वेगवेगळ्या नावांच्या पिशव्या आणल्या आणि आपण वेगवेगळे बियाणे पेरतो आहोत, असे समजून निर्धास्त राहिला.