बालकांची ऑनलाइन सुरक्षितता

बालकांची ऑनलाइन सुरक्षितता म्हणजे इंटरनेट, भ्रमणध्वनी आणि समाजमाध्यमे वापरणाऱ्या १८ वर्षांखालील मुलांचे लैंगिक शोषण, छळ, फसवणूक, धमकी व घातक मजकूर यांपासून संरक्षण करणे होय. यात पालक, शाळा, पोलीस आणि सेवा पुरवणाऱ्या कंपन्या यांची जबाबदारी येते. महाराष्ट्रात २०१७ मधील ‘ब्लू व्हेल’ प्रकरणांमुळे या विषयाकडे मोठ्या प्रमाणावर लक्ष वेधले गेले. त्यांपैकी एक घटना सोलापूरची होती.

सोलापूर येथील घटना

जुलै २०१७ च्या अखेरीस मुंबईतील अंधेरी येथे एका १४ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचा संबंध ‘ब्लू व्हेल’ या कथित ऑनलाइन खेळाशी जोडला गेला. त्यानंतर ऑगस्टमध्ये सोलापुरातील १४ वर्षांचा एक मुलगा घर सोडून पुण्याकडे निघाला. पालकांनी पोलिसांना तत्काळ कळवल्यामुळे तो पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे बसमध्ये सुखरूप सापडला. याच खेळाच्या प्रभावाखाली त्याने घर सोडल्याचा संशय तेव्हा व्यक्त झाला होता.

केंद्र सरकारने त्याच महिन्यात समाजमाध्यम कंपन्यांना या खेळाचे दुवे हटवण्यास सांगितले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानेही शाळांसाठी इंटरनेटच्या सुरक्षित वापराविषयी सूचना काढल्या. मात्र चौकशीनंतर, देशातील कोणत्याही घटनेत या खेळाचा सहभाग सिद्ध झाला नाही, असे सरकारने जानेवारी २०१८ मध्ये संसदेत सांगितले. खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही, तरी मुलाच्या वागण्यातील बदल वेळीच ओळखून मदत मागण्याचे महत्त्व यातून अधोरेखित झाले.

शिक्षण आणि भ्रमणध्वनी

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी (ता. माढा) येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना क्यूआर कोडयुक्त पाठ्यपुस्तकांच्या उपक्रमासाठी २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. कोविड-१९ च्या काळात शाळा बंद असताना भ्रमणध्वनी हे अध्ययनाचे प्रमुख साधन झाले. त्यामुळे केवळ बंदी हा पुरेसा उपाय ठरत नाही. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू भाषक कुटुंबेही आहेत. म्हणून पालकांना द्यावयाची माहिती त्यांच्या घरच्या भाषेत असणे आवश्यक ठरते.

कायदेशीर तरतुदी

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७ ब नुसार बालकांचे लैंगिक चित्रण तयार करणे, शोधणे, पाहणे किंवा प्रसारित करणे गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीसाठी ५ वर्षांपर्यंत कारावास व १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे ‘सावध करण्यासाठी’ म्हणून अशी चित्रफीत गटावर पुढे पाठवणाराही अडचणीत येऊ शकतो.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) च्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शिक्षक व मुख्याध्यापक याला अपवाद नाहीत. शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण दडपणे हाही गुन्हा ठरतो. पीडित बालकाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे.

पालक व शाळांची भूमिका

झोपेतील बिघाड, एकलकोंडेपणा, कोणी जवळ येताच भ्रमणध्वनी लपवणे, अनोळखी व्यक्तीकडून भेटी येणे ही तणावाची किंवा शोषणाची लक्षणे असू शकतात. ‘फॅमिली लिंक’सारख्या साधनांनी वापराची वेळ व ॲप यांवर नियंत्रण ठेवता येते, परंतु ही साधने संवादाची जागा घेऊ शकत नाहीत. भ्रमणध्वनी काढून घेतला जाईल या भीतीने अनेकदा मुले धमकीची गोष्ट लपवतात. म्हणून तक्रार करणाऱ्या मुलाला शिक्षा होणार नाही, हा विश्वास घरात व वर्गात आधीच निर्माण करणे महत्त्वाचे असते.

तक्रार व मदत

धमकीचे संदेश पुसून न टाकता खात्याचे नाव, दुवा व वेळ यांची नोंद ठेवावी लागते. बालकाचे लैंगिक चित्रण असल्यास ते इतरांना न पाठवता केवळ दुव्यासह पोलिसांना कळवले जाते. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर बालकांसंबंधी तक्रार नाव न देताही करता येते. बालकांसाठी १०९८, आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३०, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि मानसिक आधारासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हे क्रमांक उपलब्ध आहेत.