वीरकर, नारायण विनायक
वीरकर, नारायण विनायक : (१८९०–१९६८). मराठी छायाचित्रकार. मुंबईत गिरगावात त्यांचा स्टुडिओ होता. लोकमान्य टिळक आणि इतर राष्ट्रीय पुढाऱ्यांची व्यक्तिचित्रे त्यांनी काढली. मात्र त्यांचे नाव इतिहासात राहिले ते १९१९ साली अमृतसरच्या जालियनवाला बागेत टिपलेल्या छायाचित्रांमुळे.

पहिले महायुद्ध थांबून जेमतेम पाच महिने झाले होते. पंजाबने साम्राज्याच्या फौजेला लाखो जवान दिले आणि पदरात पडला दडपशाहीचा रौलट कायदा. १३ एप्रिल १९१९ रोजी, बैसाखीला, जनरल डायरच्या शिपायांनी या बागेत जमलेल्या लोकांवर दहाएक मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या. पाठोपाठ लष्करी कायदा लागू झाला, बातम्या दाबल्या गेल्या. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक हॉर्निमन यांना हद्दपार करण्यात आले.

प्रत्यक्ष गोळीबाराचे छायाचित्र उपलब्ध नाही. वीरकर तेथे पोहोचले ते काही महिन्यांनी. प्रेते उचलली गेली होती, उरल्या होत्या भिंती. त्यांनी भिंतींनाच साक्षीला उभे केले. भिंतीत रुतलेल्या गोळ्यांच्या खुणा आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारी माणसे, एवढाच या चित्रांचा ऐवज. खुणा इतक्या लहान की ते बोट नसते तर नजर त्यांवरून घसरून गेली असती. जागा, खूण आणि साक्षीदार एकाच चौकटीत आणणारी ही रीत पंचनाम्याची आहे. स्टुडिओत चेहरे खुलवणाऱ्या छायाचित्रकाराने येथे सजावटीचा मोह पूर्ण टाळला, आणि त्यातच या चित्रांचे बळ आहे.

कॅमेऱ्याचे हे साधन आधी राज्यकर्त्यांच्या बाजूने वापरले गेले होते. १८५८ मध्ये छायाचित्रकार फेलिचे बेआतोने लखनौच्या सिकंदर बागेत १८५७ च्या उठावातील बंडवाल्यांची विखुरलेली हाडे टिपली, ती इंग्रजांच्या विजयाची खूण म्हणून. साठ वर्षांनी दुसऱ्या एका बागेत वीरकरांनी त्याच साधनाने सत्तेवर आरोप ठेवला. भारतीय छायाचित्रणातील हे मोठे वळण असूनही मराठी वाचकाला वीरकरांचे नाव फारसे माहीत नाही, ही उणीव भरून निघायला हवी.

या हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या सरकारच्या हंटर समितीने मृतांचा आकडा ३७९ धरला. काँग्रेसच्या चौकशी समितीने, जिच्यात मुंबईचे मुकुंदराव जयकर सदस्य होते, तो हजाराच्या आसपास मानला. जालियनवाला बागेतील भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा पांढऱ्या चौकटी आखून जतन करण्यात आल्या आहेत.