जपानी मजूर, साखर आणि मधुमेह

मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा रोग, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. जपानचा इतिहास पाहता ती अगदीच निराधार वाटत नाही. क्योतोच्या दरबारात सारी सत्ता हाती असलेला फुजिवारा मिचिनागा रात्रंदिवस पाणी पितो, तरी तोंडाची कोरड जात नाही, असे एका समकालीन सरदाराने १०१६ साली रोजनिशीत टिपून ठेवले आहे. या व्याधीला तेथे ‘पाणी पिण्याचा रोग’ म्हणत. मिचिनागाच्या चुलत्याला व थोरल्या भावालाही तोच रोग होता, असे सांगतात. तेव्हा दोष घराण्याच्या रक्ताचा म्हणावा, तर पुरावा हजार वर्षांचा आहे! पण त्या घराण्याचे ताटही एकच होते. आणि शेतात राबणाऱ्या कुळाची रोजनिशी कोणी लिहिली नाही.

१८८५ पासून अशाच शेतकऱ्यांची मुले करारावर हवाई बेटांत उसाच्या मळ्यांवर गेली. हिरोशिमाकडची माणसे त्यांत पुष्कळ. १९०९ व १९२० साली त्यांनी ओआहू बेटावर मोठे संप केले. आम्ही कामगार चळवळीतले, त्यामुळे आमची त्यांच्याशी ओळख झाली ती या संपांच्या हकिकतींतून. त्यांच्या रोगाचा इतिहास आम्ही मागाहून वाचला. १९७९ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. हिरोशिमातील जपान्यांत मधुमेही शेकडा ६.९, तर हवाईतील जपानी व त्यांच्या संततीत १२.३. वंश एकच. पोटात जाणारे एकूण उष्मांकही जवळपास सारखेच. मात्र हवाईत प्राणिज चरबी आणि साखर दुपटीने अधिक, अंगमेहनत कमी. बापाने जो ऊस तोडला, त्याची साखर मुलांच्या ताटात आली, एवढाच काय तो फरक!

चीनमध्ये तर समुद्रही ओलांडावा लागला नाही. १९८० च्या पाहणीत तेथे मधुमेही शेकड्यास एकाहून कमी होते; २००७-०८ साली ते ९.७ भरले. मोजण्याच्या रीती बदलल्या हे धरूनही, एका पिढीत रक्त बदलत नाही.

मग आनुवंशिकता खोटी काय? नव्हे. २००८ साली जपानी शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे ‘केसीएनक्यू-१’ या जनुकाचा मधुमेहाशी संबंध दाखविला. स्वादुपिंडातून इन्सुलिन किती स्रवते, याच्याशी त्याचा संबंध आहे. गंमत अशी की, त्याचा धोक्याचा प्रकार युरोपीय लोकांतच अधिक आढळतो. तेथे तो बहुतेकांत असल्यामुळे सहज नजरेत भरला नाही. ‘पॅक्स-४’ या जनुकातील एक बदल मात्र खरोखर पूर्व आशियाचाच म्हणावा असा आहे.

कामगाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पूर्व आशियातील माणसाजवळ इन्सुलिनची शिल्लक सहसा बेताची असते. त्यामुळे तो अंगाने सुटण्याआधीच रोग त्याला गाठतो. युरोपीय कोष्टकाने वजन तपासले, की असा सडपातळ माणूस निरोगी ठरून घरी जातो. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो २५ झाल्यावर नव्हे, तर २३ पासूनच आशियाई लोकांनी सावध व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली सुचविले.