हर्मिट क्रॅब पाळताना टाकीतली हवा दमट का लागते?

अमेरिकेत समुद्रकिनाऱ्यांवरच्या दुकानांत तारेच्या पिंजऱ्यात ठेवलेले छोटे खेकडे विकायला असतात. पाठीवर रंगवलेला शंख, सोबत एक स्पंज आणि थोडे रंगीत खडे. हे जमिनीवर राहणारे हर्मिट क्रॅब. त्यातली कॅरिबियन किनाऱ्यांवर सापडणारी 'सीनोबिटा क्लिपिएटस' ही जात तिथे सर्रास पाळली जाते.

या खेकड्यांची पिल्लं आयुष्याच्या सुरुवातीला समुद्रात वाढतात. त्यामुळे घरी पैदास करणं फार अवघड. दुकानातला जवळजवळ प्रत्येक खेकडा निसर्गातून पकडून आणलेला असतो. निसर्गात तो ३० वर्षांपर्यंत जगू शकतो. घरात मात्र अनेकदा काही महिन्यांत मरतो आणि 'त्याचं आयुष्यच तेवढं' असं समजून विषय संपतो.

कल्ले ओले, तरच श्वास

जमिनीवर राहत असला तरी हा खेकडा श्वास घेतो कल्ल्यांनीच, आणि कल्ले ओले असतील तरच हवेतला ऑक्सिजन शरीरात जातो. म्हणून टाकीत ७५ ते ८५ टक्के आर्द्रता आणि साधारण २४ ते २९ अंश सेल्सिअस तापमान लागतं. तारेच्या पिंजऱ्यात एवढा दमटपणा टिकतच नाही. कोरड्या हवेत खेकडा लगेच मरत नाही, हीच खरी अडचण आहे. तो आधी सुस्त होतो, मग शंखातच बसून राहतो. तोवर आठवडे उलटलेले असतात.

त्यामुळे काचेची टाकी, वर घट्ट झाकण आणि आत आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर ही किमान तयारी. उष्णता देणारा पॅड लावायचा तर टाकीच्या मागच्या काचेवर लावावा. खाली लावला तर वाळू तापते आणि आत पुरून बसलेला खेकडा भाजतो.

वाळू कशासाठी?

वाढीसाठी खेकड्याला जुनं कवच टाकावं लागतं. तेव्हा तो वाळूत खोल जातो आणि आकारानुसार कित्येक आठवडे, कधी दोन महिन्यांहून जास्त वर येत नाही. नवं कवच मऊ असतं. ते कडक व्हायला लागणारं कॅल्शियम मिळावं म्हणून तो टाकलेलं जुनं कवच खातो. या काळात 'मेला असेल' म्हणून उकरून काढलेले खेकडे खरोखर मरतात.

पाच भाग वाळू आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा असं मिश्रण चालतं. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पण पाणी गळायला नको. थर किमान १५ सेंटीमीटर हवा; खेकडे मोठे असतील तर सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट.

दोन भांडी, जास्तीचे शंख

एका भांड्यात गोडं पाणी, दुसऱ्यात खारं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढावं लागतं. खाऱ्या पाण्यासाठी मत्स्यालयाचं समुद्री मीठ वापरावं, स्वयंपाकाचं चालत नाही. खेकडा बुडेल इतकं पाणी हवं, पण बाहेर चढून यायला दगड किंवा जाळी पाहिजे.

प्रत्येक खेकड्यामागे थोडे मोठे, न रंगवलेले तीन-चार रिकामे शंख ठेवावेत. ते नसतील तर खेकडे एकमेकांचे शंख ओढून घेतात आणि त्यात जीवही जातो. खाण्याचं फारसं अवघड नाही: फळं, भाज्या, सुकी मासळी, अंड्याचं टरफल. मात्र मीठ-मसाला नको.

कोकणच्या किनाऱ्यावरचे खेकडे?

ओहोटीच्या वेळी कोकणात आणि मुंबईत खडकांमधल्या डबक्यांत चालणारे शंख दिसतात. तेही हर्मिट क्रॅबच, पण बहुतेक समुद्राच्या पाण्यात राहणाऱ्या जातींचे. वर सांगितलेल्या टाकीत ते जगणार नाहीत. किनाऱ्यावरून शंख उचलण्याआधी आत कुणी राहत नाही ना, एवढं मात्र बघता येतं. आणि रिकामा शंख असला, तरी वाढत्या खेकड्याला तो पुढचं घर म्हणून लागणार असतो.