फळे व भाज्यांचा रस

फळे व भाज्यांचा रस म्हणजे फळे, भाज्या, पाने किंवा कंद पिळून, दाबून वा किसून त्यांतील पाणीदार भाग वेगळा केल्यावर मिळणारे पेय होय. या क्रियेत मागे उरणाऱ्या तंतुमय भागाला चोथा म्हणतात. याउलट फळ किंवा भाजी मिक्सरमध्ये पूर्णपणे वाटून घेतल्यास काहीही वेगळे काढले जात नाही. अशा दाट पेयाला स्मूदी म्हटले जाते. दोन्ही पेये एकाच सामग्रीपासून तयार होत असली, तरी आहारातील तंतू, पोट भरल्याची भावना आणि एका वेळी पोटात जाणारी साखर या बाबतींत त्यांत फरक पडतो. बहुतेक आहारविषयक मार्गदर्शिका रसापेक्षा अखंड फळाला प्राधान्य देतात. वाटलेल्या फळाचे स्थान सामान्यतः या दोहोंच्या मध्ये मानले जाते. मात्र ते रसापेक्षा कितपत हितकर आहे याविषयी मतभिन्नता आढळते.

संज्ञा

मराठीत 'रस' हा शब्द दोन्ही प्रकारच्या पदार्थांसाठी वापरला जातो. उसाचा किंवा मोसंबीचा रस हा पिळून, चोथा टाकून काढलेला द्रव असतो. आमरस मात्र प्रत्यक्षात आंब्याचा गर असून तो चाळणीतून गाळला नाही, तर त्यात फळातील तंतू बऱ्याच प्रमाणात टिकून राहतात. रचनेच्या दृष्टीने आमरस हा रसापेक्षा स्मूदीला अधिक जवळचा आहे.

आयुर्वेदात हा भेद स्पष्टपणे केलेला आढळतो. चरकसंहितेत सांगितलेल्या पाच कषायकल्पनांपैकी 'स्वरस' म्हणजे ताजी वनस्पती कुटून पिळून काढलेला द्रव, तर 'कल्क' म्हणजे संपूर्ण द्रव्य वाटून केलेला लगदा. या कल्पना औषधयोजनेसाठी असून त्यांची मात्रा मर्यादित असते. रोजचे पेय म्हणून त्या सांगितलेल्या नाहीत.

इतिहास

घरगुती यंत्राने भाज्यांचा कच्चा रस काढण्याची प्रथा विसाव्या शतकात अमेरिकेत लोकप्रिय झाली. नॉर्मन वॉकर यांचे 'रॉ व्हेजिटेबल ज्यूसेस' हे पुस्तक १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले; रस दाबून काढणारे यंत्रही त्यांनी विकसित केले. भांड्याच्या तळाशी फिरते पाते असलेले यंत्र स्टीफन पोप्लॉवस्की यांनी १९२२ च्या सुमारास तयार केले. १९३७ मध्ये वाद्यवृंदप्रमुख फ्रेड वॉरिंग यांच्या नावाने विकला जाऊ लागलेला ब्लेंडर अमेरिकेत प्रसिद्ध झाला. भारतात १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथुर यांनी भारतीय वाटणासाठी योग्य असा 'सुमीत' मिक्सर बाजारात आणला. पुढे अनेक भारतीय मिक्सरांना रस काढण्याचे भांडे जोडून मिळू लागले.

पद्धती

रस काढण्याच्या प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे आहेत :

हाताने पिळणे : लिंबू, संत्रे, मोसंबी यांसारख्या फळांसाठी ही पद्धत पुरेशी ठरते.

केंद्रोत्सारी ज्यूसर : वेगाने फिरणाऱ्या जाळीदार टोपलीत फळ किसले जाऊन रस बाहेर फेकला जातो. ही पद्धत जलद आहे. मात्र रसात हवा मिसळून फेस येतो.

मंदगती ज्यूसर : मळसूत्री दांडा सावकाश फिरून फळ चिरडतो व दाबतो. अशा रसाची 'कोल्ड प्रेस' या नावाने जाहिरात केली जाते. पालेभाज्यांपासून या पद्धतीने तुलनेने अधिक रस मिळतो.

मिक्सर किंवा ब्लेंडर : यात फळाचे बारीक तुकडे होतात, पण घटक वेगळे होत नाहीत. मिक्सरमध्ये वाटलेले मिश्रण गाळणीतून गाळल्यास स्मूदीचा पुन्हा रसच होतो. त्यामुळे यंत्र कोणते यापेक्षा चोथा ठेवला की टाकला हे अधिक महत्त्वाचे ठरते.

पोषणमूल्यांतील फरक

अमेरिकी कृषी विभागाच्या अन्नघटक-माहितीनुसार प्रति १०० ग्रॅम अंदाजे मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत :

| पदार्थ | ऊर्जा (किलोकॅलरी) | साखर (ग्रॅम) | तंतू (ग्रॅम) |
|---|---|---|---|
| संत्रे | ४७ | ९.४ | २.४ |
| संत्र्याचा रस | ४५ | ८.४ | ०.२ |
| सफरचंद (सालीसह) | ५२ | १०.४ | २.४ |
| सफरचंदाचा रस | ४६ | ९.६ | ०.२ |

रस काढल्याने साखर फारशी कमी होत नाही, परंतु तंतू जवळजवळ नाहीसे होतात. एका मध्यम संत्र्यापासून साधारण ८५ ग्रॅम रस मिळतो, म्हणजे २५० मिलिलिटरच्या पेल्यासाठी सुमारे तीन संत्री लागतात. तीन संत्री खाल्ल्यास सुमारे ९ ग्रॅम तंतू मिळतात, तर त्यांच्या पेलाभर रसात सुमारे अर्धाच ग्रॅम उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दररोज किमान २५ ग्रॅम तंतूंची शिफारस केली आहे. संत्र्याच्या फोडींवरील पांढऱ्या पापुद्र्यातील पेक्टिन व हेस्पेरिडिन यांचा मोठा भागही चोथ्याबरोबर वाया जातो.

क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे असल्याने संत्र्याच्या ताज्या रसात ते बऱ्याच अंशी टिकते. गाजरातील बीटा-कॅरोटिन पेशीभित्तिका फुटल्यावर शरीराला अधिक सहज उपलब्ध होते. मात्र हा लाभ वाटण्याने किंवा शिजवण्यानेही मिळतो, त्यासाठी चोथा टाकण्याची आवश्यकता नसते.

तृप्ती व रक्तशर्करा

अखंड फळ, वाटलेले फळ व रस यांची थेट तुलना करणारा एक सुपरिचित प्रयोग १९७७ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात दहा व्यक्तींना समान कर्बोदके असलेली सफरचंदे, सफरचंदाचा लगदा आणि सफरचंदाचा रस देण्यात आला. रस अखंड फळापेक्षा अकरापट आणि लगद्यापेक्षा चौपट वेगाने सेवन करता आला. पोट भरल्याची भावना फळाने सर्वाधिक, लगद्याने मध्यम व रसाने सर्वांत कमी आली. रक्तशर्करेची सुरुवातीची वाढ तिन्हींत सारखीच होती. परंतु रसानंतर ती पुढे झपाट्याने खाली घसरली. लगद्यानंतर ही घसरण कमी प्रमाणात आढळली, तर फळानंतर ती दिसली नाही. इन्शुलिनची पातळी मात्र रस व लगदा या दोहोंनंतर फळापेक्षा अधिक वाढली.

यावरून वाटण्याच्या क्रियेत तंतू नष्ट होत नसले, तरी त्यांची रचना मोडल्याचा परिणाम होतो, असे दिसते. तथापि रास्पबेरी, ब्लॅकबेरी यांसारखी बियायुक्त फळे वाटून घेतल्यास रक्तशर्करा अखंड फळापेक्षा अधिक वाढत नाही, असे अलीकडील काही छोट्या प्रयोगांत आढळले आहे. बिया दळल्या जाऊन त्यांतील घटक मोकळे होणे, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते.

अमेरिकेतील १,८७,३८२ व्यक्तींच्या माहितीवर आधारित व २०१३ मध्ये 'बीएमजे'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्ल्यूबेरी, द्राक्षे, सफरचंद इत्यादी अखंड फळांचे अधिक सेवन हे प्रकार २ मधुमेहाच्या कमी धोक्याशी, तर फळांच्या रसाचे अधिक सेवन वाढलेल्या धोक्याशी निगडित आढळले. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यावरून थेट कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

अधिकृत शिफारशी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार फळांच्या रसातील नैसर्गिक साखर ही 'मुक्त साखर' मानली जाते. मुक्त साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर ५ टक्क्यांहून कमी असावी, असे ती सुचवते. २,००० किलोकॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम साखर. अखंड फळांतील साखर या मर्यादेत मोजली जात नाही.

ब्रिटनमध्ये रस व स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरची मर्यादा सुचवली जाते, म्हणजेच तेथे स्मूदीला रसाहून वेगळी सवलत नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ मध्ये एक वर्षाखालील बालकांना फळांचा रस देऊ नये आणि एक ते तीन वर्षांच्या मुलांना तो दिवसाला सुमारे १२० मिलिलिटरपेक्षा अधिक देऊ नये, असे सुचवले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत रसाऐवजी अखंड फळे खाण्यास सांगितले असून उसाच्या रसात प्रति १०० मिलिलिटर १३ ते १५ ग्रॅम साखर असल्याने त्याचे सेवन कमी करण्याचा सल्ला दिला आहे.

सुरक्षितता

कच्च्या रसावर उष्णतेची प्रक्रिया होत नसल्याने दूषित फळांवरील जंतू त्यात टिकू शकतात. अमेरिकेत १९९६ मध्ये निर्जंतुक न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जंतूंचा प्रादुर्भाव झाला होता. वाटलेल्या कच्च्या पेयालाही हा धोका लागू होतो.

दुधी भोपळ्याच्या रसाबाबत भारतात विशेष इशारा देण्यात आला आहे. कडू दुधीत कुकुरबिटासिन हे विषारी घटक असतात. असा रस प्यायल्यानंतर पोटदुखी, उलट्या, रक्ताची उलटी व रक्तदाब घटणे अशी लक्षणे उद्भवून मृत्यू झाल्याच्या घटनांनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. रस काढण्यापूर्वी दुधीचा छोटा तुकडा चाखावा, कडू असल्यास तो टाकून द्यावा, कडू रस मुळीच पिऊ नये, दुधीचा रस इतर रसांत मिसळू नये आणि त्रास झाल्यास तत्काळ रुग्णालयात जावे, अशा तिच्या शिफारशी आहेत. या विषावर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही.

पालक व बीट यांत ऑक्झलेट अधिक असते. त्यांचा रस किंवा स्मूदी दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात घेतल्याने मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. पेलाभर गाजराच्या रसात सुमारे ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, त्यामुळे मूत्रपिंडविकार असलेल्यांनी असे रस वैद्यकीय सल्ल्यानेच घेणे आवश्यक असते. ग्रेपफ्रूटच्या रसामुळे कोलेस्टेरॉल व रक्तदाबावरील काही औषधांची रक्तातील पातळी वाढू शकते.

प्रचलित दावे

केवळ रसावर काही दिवस राहिल्याने शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडतात, या दाव्याला विश्वासार्ह आधार नाही. हे कार्य यकृत व मूत्रपिंडे अखंडपणे करीत असतात. कच्च्या रसातील विकरे पचनास मदत करतात, असेही सांगितले जाते; परंतु विकरे ही प्रथिने असून जठरात त्यांचे इतर प्रथिनांप्रमाणेच विघटन होते.

उपयुक्तता

काही परिस्थितींत रस उपयुक्त ठरतो. मधुमेही व्यक्तीची रक्तशर्करा अचानक खालावल्यास सुमारे १५० मिलिलिटर रसातून १५ ग्रॅम शीघ्र शोषली जाणारी कर्बोदके मिळतात. येथे तंतूंचा अभाव हाच गुण ठरतो. डॉक्टरांनी कमी तंतूंचा आहार सांगितलेल्या रुग्णांनाही गाळलेला रस दिला जातो. चावता न येणाऱ्या वृद्धांसाठी मात्र तंतू टिकवणारे वाटलेले फळ अधिक योग्य ठरू शकते. ज्यांच्या आहारात भाज्या अत्यल्प असतात, त्यांना रसातून काही जीवनसत्त्वे व खनिजे मिळतात. तथापि तीच भाजी वाटून घेतल्यास कमी सामग्रीत आणि चोथा वाया न घालवता हा हेतू साध्य होतो. रस काढलाच, तर गाजर किंवा बीट यांचा चोथा थालीपीठ, पराठे, कोशिंबीर यांत वापरता येतो.