काचचित्र ते चित्रफीत : कोलकात्यातील दृश्य-व्याख्यानाची वाटचाल आणि निवेदकाचा आवाज

१

व्याख्यानासाठी तयार केलेल्या स्लाइडांची चित्रफीत करून ती इतरांना पाठविणे, ही विद्यापीठीय व्यवहारातील एक सामान्य गोष्ट झाली आहे. या कृतीकडे सामान्यतः तांत्रिक सोय म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः हे एका आविष्काररूपाचे दुसऱ्या आविष्काररूपात होणारे रूपांतर आहे. स्लाइड ही स्वयंपूर्ण संहिता नसते. समोर उभ्या असलेल्या निवेदकाच्या वाणीने ती पूर्ण होते. चित्रफितीत मात्र ती वाणी संहितेचाच एक भाग बनते आणि निवेदकाची उपस्थिती अनावश्यक ठरते. या बदलात काय हाती लागते आणि काय सुटते, याचा विचार कोलकात्याच्या इतिहासाच्या आधारे, मराठी परंपरेतील समांतर उदाहरणे सोबत घेऊन येथे केला आहे.

२

चित्र दाखवीत कथा सांगण्याची परंपरा बंगालमध्ये आणि महाराष्ट्रातही यंत्रयुगाच्या आधीपासून आहे. मेदिनीपूर भागातील पटुआ लांब पट हळूहळू उलगडत, प्रत्येक प्रसंगावर बोट ठेवीत गीत गातात. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी सुट्या कागदांवरील चित्रांची पोथी समोर ठेवून एकेक चित्र दाखवीत कथा सांगतात. पट अखंड आहे, तर पोथी सुट्या पानांची आहे. पहिल्याची रचना चित्रपटाच्या रिळाची आठवण करून देते, तर दुसरीची स्लाइडांच्या संचाची. हे साम्य रूपाचे आहे, वंशाचे नव्हे. परंतु दोन्ही परंपरांत चित्र बदलण्याचा क्षण गाणारा किंवा सांगणारा ठरवितो, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जादूचा कंदील या परंपरेशेजारी येऊन उभा राहिला. बेल्जियममध्ये जन्मलेले जेझुइट फादर यूजीन लाफों १८६५ मध्ये कोलकात्यास आले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात विज्ञान शिकवू लागले. जगदीशचंद्र बसू त्यांचे विद्यार्थी होत. प्रयोग आणि कंदिलाच्या साहाय्याने त्यांनी दिलेली सार्वजनिक व्याख्याने शहरात गाजली. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेलाही त्यांचे मोठे पाठबळ लाभले. लाफों यांच्या हाती काचचित्र हे ज्ञानाचे साधन होते.

महाराष्ट्रात तेच यंत्र कथेकडे वळले. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ सुरू केला. हाताने रंगविलेली काचचित्रे जलद सरकवून पडद्यावर हालचालीचा भास निर्माण करणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. चित्रांना निवेदन आणि संगीत यांची जोड असे. पटवर्धनांनी इंग्रजी नावाचा अर्थ संस्कृत शब्दांत उतरविला. या नावाबरोबरच एक परकीय यंत्र कीर्तन आणि आख्यान यांच्या परिसरात सामावले गेले, असे म्हणता येईल. चलच्चित्र भारतात येण्यापूर्वीच स्थिर चित्रे चालती करण्याची आकांक्षा येथे मूळ धरून होती.

३

ही आकांक्षा कोलकात्यात हीरालाल सेन यांच्या रूपाने चित्रफितीपर्यंत पोहोचली. छायाचित्रकार असलेल्या सेन यांनी १८९८ मध्ये बंधू मोतीलाल यांच्यासह रॉयल बायोस्कोप कंपनी काढली. अमरेंद्रनाथ दत्त यांच्या क्लासिक थिएटरमधील नाटकांतील प्रसंग त्यांनी चित्रित केले. १९०५ मध्ये वंगभंगाच्या विरोधात कोलकात्याच्या टाउन हॉलपाशी झालेल्या निदर्शनांचेही त्यांनी चित्रण केले. रंगभूमीवरील प्रसंग नटांवाचून आणि राजकीय सभा वक्त्यांवाचून दुसरीकडे नेता येऊ लागली. वितरणाची ही नवी शक्यता होती. तिची दुसरी बाजू मात्र १९१७ मध्ये दिसून आली. त्या वर्षी लागलेल्या आगीत सेन यांचे चित्रपट नष्ट झाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. जे माध्यम सर्वत्र नेता येण्यासारखे होते, ते एका ठिकाणी साठविले गेल्यामुळे नाहीसे झाले. पटवर्धनांची अनेक काचचित्रे मात्र जतन झाली.

स्थिर चित्रातून गती कशी निर्माण होते, याचा वस्तुपाठ दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये दिला. वाटाण्याच्या रोपाची ठरावीक अंतराने एकेक चौकट घेऊन त्यांनी त्याच्या वाढीची चित्रफीत बनविली. सुटी चित्रे एका क्रमात आणि ठरलेल्या गतीत बांधली की निवेदक न बोलताही कथा पुढे सरकते, हे यातून सिद्ध झाले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये निवेदकाचे काम पडद्यावरील लिखित पाट्यांनी बरेचसे आपल्याकडे घेतले. क्षणाक्षणाला बदलू शकणारे शब्द आता छापील झाले.

४

सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा धागा विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा हाती येतो. कॅनडाहून आलेले जेझुइट फादर गास्तों रोबेर्ज यांनी १९७० मध्ये कोलकात्यात ‘चित्रबाणी’ हे संज्ञापन केंद्र स्थापन केले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी शैक्षणिक प्रसारण १९८४ मध्ये सुरू झाले. त्यानंतर १९८६ मध्ये रोबेर्ज यांच्याच पुढाकाराने सेंट झेवियर्समध्ये शैक्षणिक चित्रफितींचे केंद्र उभे राहिले. ज्या संस्थेत लाफों काचचित्रे दाखवीत बोलत होते, तेथेच आता अध्यापकाविना प्रवास करणारी व्याख्याने तयार होऊ लागली.

संगणकाने हे काम प्रत्येक अध्यापकाच्या टेबलावर आणून ठेवले. १९८७ मध्ये बाजारात आलेल्या पॉवरपॉइंटच्या २०१० च्या आवृत्तीत ध्वनिमुद्रित निवेदनासह स्लाइडांची थेट चित्रफीत करण्याची सोय मिळाली. २०२० च्या टाळेबंदीत ही सोय गरज बनली. बंगाली आणि मराठी अध्यापकांपुढे आणखी एक अडचण होती. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो टंक नसेल तर निरर्थक चिन्हांत बदलतो. चित्रफितीत अक्षर हे चित्रच होत असल्याने ते जसेच्या तसे पोहोचते आणि साध्या दूरध्वनी संचावरही दिसते. परंतु चित्र झालेले अक्षर शोधता येत नाही, सुधारता येत नाही आणि त्याचे अवतरण घ्यायचे तर ते पुन्हा टंकावे लागते.

५

तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने यापेक्षा मोठा प्रश्न भाषेचा आहे. शब्दविरहित काचचित्र कोणत्याही भाषेतील निवेदकाच्या स्वाधीन होऊ शकते. तेच चित्र कोलकात्यात बंगालीत आणि कल्याणात मराठीत बोलू शकते. आवाज जोडलेली चित्रफीत अधिक दूर जाते, पण एका भाषेची होऊन जाते. स्थलांतर सोपे होते आणि भाषांतर अवघड. श्रोत्याच्या शंकेसरशी एखादे चित्र मागे घेण्याचे, एखादे गाळण्याचे स्वातंत्र्यही येथे निवेदकापाशी राहत नाही. थांबविण्याचा आणि मागे नेण्याचा अधिकार प्रेक्षकाकडे जातो. परंतु तेथे उत्तर देणारे कोणी नसते.

म्हणून स्लाइडांचे व्याख्यान आणि त्याची चित्रफीत यांना एकाच संहितेच्या दोन प्रती न मानता दोन स्वतंत्र पाठ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पटुआचे एखादे सादरीकरण ध्वनिमुद्रित केले म्हणून पटगीताची परंपरा त्या मुद्रणात संपत नाही, हे लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी पूर्वीच ओळखले आहे. विद्यापीठीय व्याख्यानालाही हाच न्याय लावावयास हवा. व्यवहारात त्याचा अर्थ असा की चित्रफितीबरोबर मूळ स्लाइड आणि निवेदनाची लिखित संहिताही जतन व्हावी, आणि ती एकाहून अधिक ठिकाणी असावी. तसे झाल्यास तेच व्याख्यान दुसऱ्या भाषेतील अध्यापकाला आपल्या वाणीने नव्याने सांगता येईल. हीरालाल सेन यांचे गमावलेले चित्रपट आणि पटवर्धनांची टिकून राहिलेली काचचित्रे एकत्र पाहिली असता ही निकड पुरेशी स्पष्ट होते.